कंबरदुखीवर ‘रीजनरेटिव्ह’ इंजेक्शन: झिजलेली गादी खरंच पुन्हा भरून येते का?

‘मणक्यात गॅप आलाय, पण ऑपरेशनची गरज नाही. तुमच्याच रक्तातून इंजेक्शन बनवतो, गादी पुन्हा भरून येते.’ कंबरदुखीबद्दल एकदा काही शोधलंत की मोबाइलवर अशा जाहिराती आणि रील्स रांगेनं यायला लागतात. कुणी पीआरपी म्हणतं, कुणी प्रोलोथेरपी, कुणी स्टेम सेल. या सगळ्यांना मिळून एक भारदस्त नाव आहे, ‘रीजनरेटिव्ह’ इंजेक्शन. म्हणजे शरीराचा झिजलेला भाग पुन्हा निर्माण करणारं इंजेक्शन.

आश्वासन नावातच आहे. ते माणसांवरच्या चाचण्यांमध्ये किती खरं ठरलं? भारतातले नियम काय सांगतात? आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं? समजून घेऊया.

विरारकरांनी हे का वाचावं?

विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन तास लोकलमध्ये सहज जातात. त्यातही विरार फास्टमध्ये जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर दरवाजाजवळ उभं राहायचं किंवा चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसायचं. पुढे दिवसभर ऑफिसची खुर्ची, दुकानाचं काउंटर नाहीतर गोदामातलं ओझं.

लोकलमुळेच मणका झिजतो, असं म्हणता येणार नाही. पण कंबरदुखी आणि कामाचं स्वरूप यांचा संबंध आहे. २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला आहे. याच अभ्यासानुसार कंबरदुखीमुळे येणाऱ्या अपंगत्वाचा सुमारे ३९ टक्के भार तीन गोष्टींशी जोडता येतो: कामाच्या जागी शरीरावर येणारा ताण, धूम्रपान आणि वाढलेलं वजन.

विरारसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे, वेळेची. कंबरदुखीवर ज्या उपचारांना सगळ्यात चांगला आधार आहे, ते रोज थोडा थोडा वेळ मागतात. सकाळी सहाची गाडी पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. इंजेक्शन मात्र एका सुट्टीच्या दिवशी उरकतं. म्हणूनच ही जाहिरात इथे पटकन पटते.

या इंजेक्शनांमध्ये नेमकं काय असतं?

एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली, प्रोलोथेरपी. यात बहुतेकदा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं दाट द्रावण आणि भूल देणारं औषध मिसळून कंबरेच्या अस्थिबंधांजवळ अनेक ठिकाणी टोचतात. द्रावणामुळे तिथे थोडी जळजळ होईल, शरीर दुरुस्तीला लागेल आणि सैल पडलेले अस्थिबंध घट्ट होतील, अशी त्यामागची कल्पना. ही पद्धत नवी नाही. जॉर्ज हॅकेट या अमेरिकी डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ती याच नावानं मांडली.

दुसरी, पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तुमच्या हातातून रक्त काढतात, ते सेंट्रीफ्यूज यंत्रात गरागरा फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून दुखऱ्या जागी सोडतात. जखम भरून येण्यात प्लेटलेटमधल्या ‘ग्रोथ फॅक्टर’ नावाच्या प्रथिनांचा वाटा असतो. जखमेला जे जमतं ते कंबरेलाही जमेल, हा यामागचा तर्क.

तिसरी, स्टेम सेल. या पेशी रुग्णाच्या किंवा दात्याच्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून घेतात. या मूळ पेशी चकतीत सोडल्या की त्या तिथल्या पेशींना मदत करतील किंवा स्वतःच तशा होतील, अशी अपेक्षा असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पीआरपीमध्ये प्लेटलेट असतात, ते स्टेम सेलचं इंजेक्शन नाही. रक्त काढून, फिरवून लगेच टोचलं आणि बिलावर ‘स्टेम सेल’ लिहिलं, तर सरळ विचारा: पेशी कुठून आणल्या?

मणक्यातली ‘गादी’ भरून का येत नाही?

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बोलीत आपण तिला गादी म्हणतो. बाहेरून चिवट कडं आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर, अशी तिची रचना. वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होतं आणि चकतीची उंची घटते. ‘गॅप आलाय’ असं ज्याला म्हणतात, ते बऱ्याचदा हेच असतं. गंमत अशी की गॅप वाढलेला नसतो, उलट मणक्यांमधली जागा कमी झालेली असते.

ही चकती शरीरातल्या इतर भागांसारखी नाही. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्याच नसतात. मणक्याच्या कडेनं जे पोषण झिरपत येईल, त्यावर तिच्या पेशी जगतात. तिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त. चकती झिजली की हे झिरपणंही कमी होतं.

आता बाहेरून लाखो पेशी नेऊन तिथे सोडल्या, तर त्यांनी काय खायचं आणि किती दिवस जगायचं? ज्या ठिकाणी जुन्या पेशींनाच पोषण पुरत नाही, तिथे नव्या पेशींकडून दुरुस्तीची अपेक्षा आहे. हाताला कापलं तर जखम भरते, कारण तिथे रक्त पोचतं. हातावरच्या जखमेचा नियम चकतीला लावता येत नाही.

अर्थात, प्रयोगशाळेतली अडचण म्हणजे माणसातलं अपयश नव्हे. त्यासाठी माणसांवरच्या चाचण्याच पाहाव्या लागतात.

चाचण्यांमध्ये काय दिसलं?

प्रोलोथेरपीपासून सुरुवात करू. ऑस्ट्रेलियात जुनाट कंबरदुखीच्या ११० रुग्णांवर झालेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना साखरेचं द्रावण टोचलं, काहींना नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरानंतर द्रावण मिळालेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची वेदना निम्म्याहून कमी झाली होती. सलाइनवाल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं.

४६ आणि ३६ यांत फरक दिसतो खरा. पण एवढ्या कमी रुग्णांमध्ये इतका फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. मिठाचं पाणी टोचलेल्या तिघांपैकी एकाहून अधिक जणांचंही दुखणं अर्ध्यावर आलं. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २००७ मध्ये निष्कर्ष काढला की जुनाट कंबरदुखीवर एकटी प्रोलोथेरपी परिणामकारक असल्याचं दिसत नाही.

आता पीआरपी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ४७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. चकतीत पीआरपी सोडलेल्यांना आठ आठवड्यांनंतर दुसऱ्या गटापेक्षा काही मोजमापांवर जास्त आराम होता. जाहिरातींना आधार म्हणून दाखवता येईल, असा हा अभ्यास. पण त्यात तुलना आठ आठवड्यांपुरतीच होती. त्यानंतर आराम न पडलेल्या दुसऱ्या गटातल्या रुग्णांनाही पीआरपी देऊ केलं गेलं, त्यामुळे पुढच्या काळासाठी तुलनेला गटच उरला नाही. २०२२ मध्ये २६ रुग्णांची आणखी एक चाचणी आली. तिच्यात चकतीत सोडलेलं पीआरपी सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही.

म्हणजे पीआरपीच्या बाबतीत चित्र अर्धवट आहे. चाचण्या छोट्या आहेत आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय रक्त किती घ्यायचं, प्लेटलेट किती दाट करायचे आणि सुई चकतीत, सांध्यात की स्नायूत टोचायची, याची पद्धत ठिकाणागणिक बदलते. त्यामुळे एका दवाखान्यातल्या पीआरपीचा अनुभव दुसरीकडच्या पीआरपीला लागू होईलच असं नाही.

स्टेम सेलच्या चाचण्या मात्र मोठ्या झाल्या. मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ४०४ रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी केली. दात्यांच्या अस्थिमज्जेतून मिळवलेल्या पेशी चकतीत सोडल्या. वेदना आणि हालचाल या दोन्हींत सुधारणा, असा जो मुख्य निकष आधी ठरवला होता तो गाठता आला नाही, हे २०२१ मध्ये जाहीर झालं. ज्यांचं दुखणं तुलनेनं कमी वर्षांचं होतं त्यांच्यात वेदना घटल्याचं दिसलं, असं कंपनीचं म्हणणं आहे आणि ते तपासायला तिनं नवी चाचणी हाती घेतली.

युरोपात चार देशांतल्या ११४ रुग्णांवर ‘रेस्पाइन’ नावाची चाचणी झाली. तिचे निकाल २०२४ मध्ये आले. अर्ध्या रुग्णांच्या चकतीत दात्यांच्या पेशी सोडल्या. उरलेल्यांवर तशीच दिसणारी प्रक्रिया केली, पण चकतीत काही सोडलं नाही. वर्षभरानं दोन्ही गटांतल्या बऱ्याच लोकांना बरं वाटत होतं. दोन गटांत ठोस म्हणावा असा फरक मात्र नव्हता. आणि चकतीतलं पाणी वाढलं का, हे एमआरआयवर मोजलं तेव्हा तिथेही फरक सापडला नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘गादी पुन्हा भरून येते’ हा दावा तपासायचा तर चकतीतलं पाणी मोजायला हवं. या चाचणीत ते मोजलं आणि पेशी न मिळालेल्यांपेक्षा वेगळं काही दिसलं नाही.

मग ओळखीच्या काकांना फरक कसा पडला?

‘आमच्या सोसायटीतल्या काकांनी घेतलं, आता जीवदानीचा डोंगर चढतात’ असं कुणी सांगितलं, तर ते खोटं बोलतायत असं समजायचं कारण नाही. त्यांना आराम पडलाही असेल. प्रश्न आहे, तो इंजेक्शनमधल्या औषधानं पडला का?

जुनाट कंबरदुखी रोज सारखी नसते. ती चढते, उतरते. दुखणं अगदी असह्य होतं तेव्हा माणूस इंजेक्शन घ्यायला जातो. त्यानंतर ते उतरणीला लागण्याची शक्यता तशीही जास्त असते. त्यात मोठा खर्च, यंत्र, रक्त काढणं, डॉक्टरांचा आत्मविश्वास यानं अपेक्षा वाढते आणि अपेक्षेचा वेदनेवर खरोखर परिणाम होतो. इंजेक्शननंतर आठ-पंधरा दिवस आराम करायला सांगतात, व्यायाम शिकवतात, वजन कमी करायला लावतात. त्याचाही वाटा असतो.

म्हणूनच चाचणीत सलाइनचा गट ठेवतात. तो नसता, तर ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासात मिठाच्या पाण्यालाही चमत्कार म्हणावं लागलं असतं.

एमआरआयमध्ये तर स्पष्ट दिसतंय ना?

दिसतं, पण जे दिसतं तेच दुखतंय असं नाही. कंबरदुखी अजिबात नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के होतं. चकती फुगलेली असणं, म्हणजे डिस्क बल्ज, विशीतही ३० टक्क्यांमध्ये सापडलं.

केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये वेदनेसाठी एका ठरावीक रचनेकडे किंवा आजाराकडे बोट दाखवता येत नाही. अशा वेळी रिपोर्टमधल्या ‘एल-४, एल-५’ या ओळीवर बोट ठेवून तिथेच सुई मारली, तरी ती दुखण्याच्या मुळाशी पोचेल याची खात्री नसते.

भारतातले नियम काय म्हणतात?

स्टेम सेलबाबत नियम बरेच स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांवरचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. नेहमीचा उपचार म्हणून पैसे घेऊन तो देणं आयसीएमआरच्या लेखी अनैतिक आहे. २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनीही स्टेम सेलपासून बनवलेल्या उत्पादनाला ‘नवं औषध’ मानलं. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आली.

अशी परवानगी मिळालेलं एक भारतीय उत्पादन आहे. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीनं दात्यांच्या अस्थिमज्जेतून तयार केलेलं हे औषध २०२२ मध्ये अल्केम कंपनीनं ‘स्टेमवन’ या नावानं बाजारात आणलं. पण ते गुडघ्याच्या संधिवातासाठी आहे. गुडघ्यासाठीची मंजुरी कंबरेला लागू होत नाही. ‘सरकारमान्य स्टेम सेल’ असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारायचा: कोणत्या आजारासाठी मान्य?

नियम कडक असूनही दुकानं चालतात, हे नवं नाही. स्वमग्न मुलांना स्टेम सेल देण्याचे प्रकार वाढले, तेव्हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला डिसेंबर २०२२ मध्ये सांगावं लागलं की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल.

अमेरिकेतही वेगळी परिस्थिती नाही. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं लोकांना सावध करताना स्पष्ट लिहिलं आहे की अशी रीजनरेटिव्ह उत्पादनं पाठदुखी, चकतीचे आजार किंवा सांधेदुखी यांपैकी कशासाठीही मंजूर नाहीत. त्यामुळे ‘अमेरिकन तंत्रज्ञान’ या शब्दांनी भारावून जाऊ नका.

चाचणीत भाग घ्या, असं सांगितलं तर?

खऱ्या चाचणीत भाग घेणं वाईट नाही. औषधं तशीच सिद्ध होतात. पण खरी चाचणी ओळखायच्या काही खुणा आहेत.

भारतात होणारी चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी यादीत नोंदवावी लागते. २००९ पासून हे बंधनकारक आहे. ही यादी इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी असते, तुम्हाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र मिळतं आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद असते.

सगळ्यात सोपी खूण पैशांची. संशोधनाचा खर्च सहभागी माणसाकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआर सांगते. ‘ही रिसर्च ट्रीटमेंट आहे, पॅकेज इतक्या लाखांचं’ असं वाक्य ऐकलंत, तर ते संशोधन नाही, विक्री आहे.

‘तुमचंच रक्त, मग धोका कसला?’

रक्त तुमचं असलं तरी सुई बाहेरून आत जाते. चकतीत रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथे जंतू शिरले, तर त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी आणि अँटिबायोटिक दोन्ही तिथे नीट पोचत नाहीत. चकतीत पीआरपी सोडल्यानंतर जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत. असे प्रसंग वारंवार होत नाहीत, पण झाले तर दुखणं आठवडेच्या आठवडे चालतं आणि कधी ऑपरेशनही करावं लागतं.

पेशी बाहेरून आणलेल्या असतील तर त्या कुठे, कशा साठवल्या हाही प्रश्न येतो. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली इंजेक्शनं घेतल्यावर १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं. तपासात न उघडलेल्या बाटल्यांमध्येही जिवाणू सापडले.

आणखी एक धोका आपल्याकडे विशेष आहे. मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटलेलं वजन आणि रात्रीही न थांबणारं कंबरेचं दुखणं ‘गॅप’ समजून इंजेक्शनं घेत राहिलात, तर खऱ्या उपचाराला उशीर होतो.

विम्यातून खर्च मिळतो का?

पॉलिसी नीट वाचा. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आधुनिक उपचारांच्या यादीत स्टेम सेल आहे, पण फक्त रक्ताच्या आजारांसाठीच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरतं. शिवाय ‘सिद्ध न झालेले उपचार’ हा आरोग्य पॉलिसींमधला प्रमाणित अपवाद आहे. त्यामुळे कंबरेतल्या स्टेम सेलचा खर्च खिशातूनच जाईल, असं धरून चाला. ‘क्लेम करून देतो, बिल वेगळ्या नावानं बनवतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठलेलं बरं. खोट्या बिलावर सही तुमची असते.

मग कंबरदुखीवर करायचं काय?

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखणं काय आहे हे रुग्णाला नीट समजावणं, व्यायाम, काही फिजिओथेरपी, गरज पडल्यास मानसोपचार आणि दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, यांची त्यात शिफारस आहे. गोळ्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब बघून डॉक्टरांनीच द्यायच्या. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट वापरू नये, असं त्या सांगतात.

जुन्या, रुळलेल्या इंजेक्शनांवरही आता प्रश्न उभे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञगटानं जुनाट पाठदुखीसाठी स्टेरॉइडच्या एपिड्युरलसह अनेक प्रक्रियांविरोधात शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या काही संघटनांनी तिला आक्षेप घेतला आणि तो वाद सुरू आहे. नस दबून पायात कळ जात असेल, तर डॉक्टर काही वेळा वेगळा निर्णय घेतात.

चालण्याचं काय? ऑस्ट्रेलियातल्या ‘वॉकबॅक’ चाचणीत नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, दुसऱ्याला काही नाही. २०२४ मध्ये आलेल्या निकालात चालणाऱ्यांचं दुखणं परत यायला मध्यम हिशेबानं २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांत परतलं. लक्ष्य होतं आठवड्यातून पाच दिवस, सुमारे अर्धा तास.

रोजच्या प्रवासात हा अर्धा तास कुठून काढायचा, हा विरारकरांचा खरा प्रश्न आहे. तो सोपा नाही. पण तुकड्यांत चालेल. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं, परतताना एक बस सोडून. व्यायाम कोणते आणि किती, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. यूट्यूब पाहून जोरात वाकू नका.

लाखांचं पॅकेज न घेता तज्ज्ञांचं मत हवं असेल, तर पश्चिम रेल्वेवरच सोय आहे. महालक्ष्मीला उतरून हाजीअलीला गेलं की ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही १९५५ पासूनची केंद्र सरकारी संस्था आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, परळला केईएम. रांग असते, एक रजा जाते. पण तिथल्या डॉक्टरांना तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं.

सही करण्याआधी विचारायचे आठ प्रश्न

१. या सिरिंजमध्ये नेमकं काय आहे? साखरेचं द्रावण, प्लेटलेट की पेशी?

२. पेशी असतील तर त्या कुणाच्या, कुठून आल्या आणि कंबरदुखीसाठी औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का?

३. सुई नेमकी कुठे जाणार? चकतीत, सांध्यात की स्नायूत? एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर पाहून टोचणार का?

४. सलाइनशी तुलना करून ही पद्धत सरस ठरल्याचा अभ्यास कोणता?

५. फरक पडला नाही तर पुढे काय? किती इंजेक्शनांनंतर थांबायचं?

६. जंतुसंसर्ग झाला तर उपचार कुठे आणि कुणाच्या खर्चानं?

७. सगळा खर्च लेखी मिळेल का? महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायचे आहेत. ते आधी वाचा.

८. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक काय? तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येतो.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. तुमची कागदपत्रं मागितल्यावर ती ७२ तासांत द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. ‘आज पैसे भरले तर डिस्काउंट’ असं ऐकलंत, तर घाई त्यांना आहे, तुमच्या कंबरेला नाही. जुनाट कंबरदुखीत दोन आठवडे विचार केल्यानं सहसा काही बिघडत नाही.

कधी थांबायचं नाही?

काही लक्षणांत मात्र एक दिवसही घालवू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद अचानक कमी होणं, असं झालं तर थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा वयस्कर माणसाचं पडणं असेल, तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर, कंबरेतली गादी पुन्हा भरून येते हे आजवरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. पीआरपीवर संशोधन सुरू आहे आणि उद्या कदाचित ठरावीक रुग्णांसाठी त्याचा उपयोग सिद्धही होईल. स्टेम सेल मात्र भारतात कंबरदुखीसाठी आज फक्त चाचणीतच देता येतं, तेही फुकट. तरीही इंजेक्शन घ्यायचं ठरवलंत, तर तो निर्णय तुमचा. फक्त आपण उपचार विकत घेतोय की प्रयोग, एवढं माहीत असू द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याबाबतचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)